‘फुटबॉल’ हे नाव कोणाचे? : ऑस्ट्रेलियातील सॉकरची वाढ आणि तिची नावे

१

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न येथे ऑलिंपिक फुटबॉल स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव केला. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले नेव्हिल डिसूझा ह्यांनी ह्या सामन्यात तीन गोल केले. हा वृत्तान्त वाचणाऱ्या मराठी वाचकास ‘फुटबॉल’ म्हणजे कोणता खेळ, अशी शंका येण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या नगरात हा सामना झाला तेथील सर्वसामान्य नागरिक ह्या खेळास ‘फुटबॉल’ म्हणत नव्हता. तो त्यास ‘सॉकर’ म्हणत होता. त्याचा ‘फुटबॉल’ निराळा होता : लंबगोल चेंडूचा, हातापायांनी खेळावयाचा, दोन्ही बाजूंस अठरा-अठरा खेळाडू असलेला आणि क्रिकेटच्या विस्तीर्ण मैदानावर रंगणारा. हा खेळही त्याच ऑलिंपिकमध्ये प्रेक्षकांस दाखविण्यात आला. पण केवळ प्रात्यक्षिक म्हणून, आणि ‘ऑस्ट्रेलियन’ हे विशेषण लावून. ऑलिंपिकच्या दप्तरात जो खेळ नुसता ‘फुटबॉल’ होता तो मेलबर्नच्या रस्त्यावर ‘सॉकर’ होता. आणि मेलबर्नच्या रस्त्यावर जो नुसता ‘फुटबॉल’ होता त्यास ऑलिंपिकच्या दप्तरात विशेषणाची गरज भासत होती.

नावांचा हा उलटापालट वरवर पाहता गमतीचा वाटेल. वस्तुतः ऑस्ट्रेलियातील सॉकरच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या इतिहासाचे सूत्र त्यातच सापडते. अन्य खेळांचे वर्चस्व असलेल्या ह्या देशात सॉकर कसा वाढला, ह्याचा विचार बहुधा खेळाडूंची संख्या, पैसा आणि विजयपराजय ह्यांच्या आधारे केला जातो. तो योग्यच आहे. परंतु खेळास, त्याच्या संघटनांस आणि त्याच्या संघांस वेळोवेळी कोणती नावे मिळाली, कोणती नाकारली गेली आणि कोणती हिरावून घेतली गेली, हे पाहिले असता ह्या वाढीचे एक वेगळे, आणि काहीसे अधिक खरे, चित्र हाती येते. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

२

प्रथम नामकरणाच्या एका सामान्य नियमाकडे लक्ष दिले पाहिजे. एकाच जातीच्या अनेक वस्तूंपैकी जी वस्तू एखाद्या समाजाच्या नित्य परिचयाची असते तिला त्या समाजात साधे, विशेषणरहित नाव मिळते. इतरांस विशेषण लागते. मराठी घरात ‘दूध’ म्हटले म्हणजे ते गाईचे किंवा म्हशीचे. शेळीचे असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते. शेळीचे दूध हे काही कमी प्रतीचे दूध नव्हे. परंतु ते घरचे रोजचे नव्हे, एवढे त्या विशेषणावरून कळते. भाषाशास्त्रात पहिल्या प्रकारच्या नावास अचिन्हित व दुसऱ्या प्रकारच्या नावास चिन्हित म्हणतात. ‘फुटबॉल’ हे नाव असेच आहे. जगात जेथे जेथे चेंडू लाथेने खेळण्याचे अनेक खेळ एकत्र नांदतात तेथे तेथे त्यांपैकी एकच खेळ हे अचिन्हित नाव धारण करतो.

ऑस्ट्रेलियात ते नाव सॉकरला का मिळाले नाही, ह्याचे उत्तर कालक्रमात आहे. मेलबर्न फुटबॉल क्लबची स्थापना १८५९ साली झाली आणि त्याच वर्षी त्या क्लबने आपले नियम लिहून काढले. लंडनमध्ये ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन होऊन आजच्या सॉकरचे मूळ नियम ठरले ते १८६३ साली. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा फुटबॉल लेखी नियमांच्या दृष्टीने इंग्लंडमधील असोसिएशन फुटबॉलपेक्षा चार वर्षांनी वडील आहे. ‘दुसऱ्याचे नाव ह्या खेळाने बळकावले’ हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. १८७१ साली इंग्लंडमध्ये रग्बी युनियनची स्वतंत्र संघटना झाली. पुढे तिच्यातून फुटून निघालेला रग्बी लीग हा खेळ १९०८ च्या हंगामापासून सिडनीत रुजला आणि तेथील कामकरी वस्त्यांचा आवडता खेळ बनला.

‘सॉकर’ हा शब्द अमेरिकन असल्याची एक समजूत आहे. तीही बरोबर नाही. तो अस्सल इंग्रजी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील विद्यापीठीय तरुणांत शब्द तोडून त्यास ‘-अर’ हा प्रत्यय लावण्याची टूम होती. ‘रग्बी’चे ‘रगर’ झाले, तसे ‘असोसिएशन’ ह्या शब्दाच्या मधला ‘सॉक्’ हा तुकडा घेऊन ‘सॉकर’ झाले. इंग्लंडमध्ये हा शब्द पुढे मागे पडला, कारण तेथे त्याची गरज उरली नाही; असोसिएशनचा खेळच तेथे अचिन्हित ‘फुटबॉल’ झाला. जेथे दुसरे फुटबॉल प्रबळ होते तेथे, म्हणजे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात, तो टिकला. शब्द गरजेने जगतात, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

ऑस्ट्रेलियातील परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. बोलींच्या नकाशावर एखाद्या शब्दाच्या प्रचाराची सीमा दाखविणारी रेषा काढतात, तशी रेषा तेथे खेळांच्या बाबतीत काढता येते. इतिहासकार इयन टर्नर ह्यांनी १९७८ साली एका व्याख्यानात तिला ‘बरासी रेषा’ असे नाव दिले. रॉन बरासी हे ऑस्ट्रेलियन रूल्सचे विख्यात खेळाडू. ह्या रेषेच्या एका बाजूस व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया ही राज्ये येतात. तेथे ‘फूटी’ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. दुसऱ्या बाजूस न्यू साउथ वेल्सचा बहुतेक भाग आणि क्वीन्सलंड. तेथे ‘फूटी’ म्हणजे रग्बी लीग. एकच लाडके नाव रेषेच्या अलीकडे एका खेळाचे आहे, पलीकडे दुसऱ्याचे. सॉकर रेषेच्या दोन्ही बाजूंस खेळला जातो. पण तो ‘फूटी’ मात्र कोठेच नाही.

३

सॉकर ऑस्ट्रेलियात उशिरा आला असे नाही. १८८० साली सिडनीनजीक पॅरामाटा येथे ‘वाँडरर्स’ ह्या नव्या संघाने किंग्ज स्कूलच्या विद्यार्थ्यांशी असोसिएशनच्या नियमांप्रमाणे सामना खेळला. न्यू साउथ वेल्समधील संघटित सॉकरचा आरंभ येथून धरतात. त्यानंतर स्थापन झालेल्या संघटनांची नावे लक्षणीय आहेत. सिडनीत ‘साउथ ब्रिटिश फुटबॉल असोसिएशन’ निघाली, तर मेलबर्नमध्ये ‘अँग्लो-ऑस्ट्रेलियन फुटबॉल असोसिएशन’. विसाव्या शतकात हा खेळ परकीय ठरला तो ब्रिटिशेतर लोकांचा म्हणून. परंतु आरंभी तो वेगळा दिसला तो नेमका ब्रिटिशांचा म्हणून. नुकताच बोटीतून उतरलेला स्कॉटिश अथवा उत्तर इंग्लंडमधील मजूर हा खेळ खेळे. न्यूकॅसल आणि इलावारा ह्या परिसरांतील कोळशाच्या खाणींभोवती तो दृढमूल झाला. येथे जन्मलेली मुले मात्र शाळेतून आणि शेजारातून ‘फूटी’ शिकत.

ह्याचा परिणाम असा की सॉकरची वाढ देशाच्या अंतर्गत जीवनाशी बांधली न जाता बाहेरून येणाऱ्या माणसांच्या लाटांशी बांधली गेली. लाट आली की खेळ फुलावा, ओसरली की मंदावावा, असा हा क्रम होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९२२ साली न्यूझीलंडमधील डनीडिन येथे खेळला आणि तो १–३ असा गमावला. तोपर्यंत क्रिकेटमधील ऑस्ट्रेलिया–इंग्लंड कसोटी सामन्यांस पंचेचाळीस वर्षे होऊन गेली होती.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली लाट आकाराने आणि प्रकाराने वेगळी होती. १९४५ साली ऑस्ट्रेलियाने स्थलांतराचे स्वतंत्र खाते उघडले आणि लोकसंख्या वाढविण्याच्या धोरणाने युरोपातील विस्थापितांस व कामकऱ्यांस दारे खुली केली. इटालियन, ग्रीक, क्रोएशियन, सर्ब, मॅसिडोनियन, हंगेरियन, डच, माल्टीज अशा अनेक समाजांचे लोक आले. ह्यांपैकी बहुतेकांस इंग्रजी येत नव्हते. क्रिकेट आणि ऑस्ट्रेलियन रूल्स तर अजिबात अपरिचित होते. परिचित असा एकच खेळ त्यांस भेटला. कारखान्यातील आठवड्याच्या श्रमानंतर रविवारी आपल्या भाषेत बोलता यावे, नोकरीची वा भाड्याच्या खोलीची बातमी कळावी, गावाकडचे पत्र वाचून घ्यावे, मुलामुलींची लग्ने जुळावीत, ह्या सर्व गोष्टींचे ठिकाण म्हणजे सॉकरचा क्लब. खेळ हे निमित्त होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो केवळ खेळ नव्हता.

म्हणून ह्या क्लबांची नावे म्हणजे स्थलांतराचा एक नकाशाच आहे : मेलबर्नमध्ये युव्हेन्टस, साउथ मेलबर्न हेलास, मेलबर्न क्रोएशिया, सिडनीत हाकोआ, सेंट जॉर्ज बुडापेस्ट, पॅन-हेलेनिक, सिडनी क्रोएशिया, मार्कोनी. काही नावे आद्याक्षरांची होती. सिडनीतील ‘अपिया’ हे एका इटालियन-ऑस्ट्रेलियन क्रीडासंस्थेच्या इटालियन नावाचे संक्षिप्त रूप. मेलबर्नच्या फुट्स्क्रे ह्या उपनगरातील ‘जस्ट’ म्हणजे ‘जुगोस्लाव्ह युनायटेड सॉकर टीम’. स्वतःची ओळख सांगणारे नाव आणि ‘न्याय्य’ ह्या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द अशी ही दुहेरी योजना आजही लक्ष वेधून घेते.

यजमान समाजाने ह्या लोकांस सरकारी भाषेत ‘न्यू ऑस्ट्रेलियन’ म्हटले आणि रस्त्यावरच्या भाषेत ‘वॉग’. हा दुसरा शब्द शिवीचा होता. त्यावरून सॉकरला ‘वॉगबॉल’ असे नाव पडले. ऑस्ट्रेलियन सॉकरचे कर्णधार आणि नंतरचे प्रमुख प्रवक्ते जॉनी वॉरन ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकातच अशा तीन हेटाळणीच्या शब्दांची मालिका घातली. पहिला शब्द बायकांना उद्देशून, दुसरा स्थलांतरितांना आणि तिसरा समलिंगी पुरुषांना. आपल्या बालपणी सॉकर खेळणाऱ्या मुलास कोणाच्या पंक्तीस बसविले जाई, हे त्यांना सांगावयाचे होते. शिवीचा व्याकरणिक आशय स्पष्ट आहे : हा खेळ ‘आपला’ नव्हे.

ज्यांस समाजाने बाहेर ठेवले त्यांस हा खेळ आत घेत असे, ही ह्याची दुसरी बाजू. आदिवासी हक्कांच्या चळवळीचे नेते चार्ल्स पर्किन्स हे ॲडलेड क्रोएशिया आणि पुढे सिडनीतील पॅन-हेलेनिक ह्या संघांतून खेळले. त्यानंतर १९६५ साली त्यांनी न्यू साउथ वेल्सच्या गावोगावी वर्णभेदाविरुद्ध बसयात्रा काढली. जॉन मोरिआर्टी हे राष्ट्रीय सॉकर संघात निवडले गेलेले पहिले आदिवासी खेळाडू. त्यांची निवड १९६० साली झाली. परंतु त्याच वर्षी फिफाने ऑस्ट्रेलियास निलंबित केल्यामुळे त्यांना खेळता आले नाही. ऑस्ट्रियासारख्या देशांतील खेळाडूंस त्यांच्या मूळ क्लबांना मोबदला न देता खेळविल्याचा ठपका ऑस्ट्रेलियन क्लबांवर होता. हे निलंबन १९६३ साली उठले. क्लबांजवळ उत्साह होता, प्रेक्षक होते आणि काही अंशी पैसाही होता. ह्या सर्वांस आवर घालणारी राष्ट्रीय व्यवस्था मात्र नव्हती.

१९७४ साली राले राशिच ह्या युगोस्लाव्ह वंशाच्या प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली ऑस्ट्रेलिया प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत पोहोचला. पश्चिम जर्मनीत झालेल्या तीन सामन्यांत संघास एकही गोल करता आला नाही. परंतु बहुतांशी नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्या ह्या खेळाडूंनी चिलीस ०–० असे रोखले. ह्याच पिढीच्या काळात, १९६७ च्या दक्षिण व्हिएतनाम दौऱ्याच्या वेळी, टोनी हॉर्स्टेड ह्या पत्रकाराने संघास ‘सॉकरूज’ हे नाव दिले. ‘सॉकर’ आणि ‘कांगारू’ ह्यांचा हा संकर. परक्या समजल्या गेलेल्या खेळाच्या नावास देशी प्राण्याची शेपटी जोडणारा हा शब्द सहज तोंडी बसला आणि आजतागायत टिकून आहे.

५

१९७७ साली ‘नॅशनल सॉकर लीग’ सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील कोणत्याही फुटबॉल प्रकाराची ही पहिली राष्ट्रव्यापी साखळी स्पर्धा होय. येथून एक पेच उभा राहिला. क्लब एका समाजाचे. स्पर्धा मात्र सर्व राष्ट्राची म्हणविणारी. जो प्रेक्षक ग्रीक नाही, क्रोएशियन नाही, त्याने कोणाचा जयजयकार करावा? ह्या प्रश्नावर संचालकांनी शोधलेले उत्तर नावांवर येऊन ठेपले. १९९० नंतरच्या दशकात वांशिक नावे व चिन्हे टाकून देण्याचा दबाव वाढला. सिडनी क्रोएशियाचे ‘सिडनी युनायटेड’ झाले, मेलबर्न क्रोएशियाचे ‘मेलबर्न नाइट्स’. ‘हेलास’ गळून नुसते ‘साउथ मेलबर्न’ राहिले.

ह्या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नव्हते असे नाही. स्टँडमध्ये युरोपातील जुनी वैरे अधूनमधून उफाळून येत आणि सामान्य कुटुंबे मैदानापासून दूर राहत. परंतु धोरणाचे गृहीतक भाषिक दृष्ट्या कच्चे होते. नाव पुसले म्हणजे नावामागील नाते पुसले जाते, असे त्यात मानले होते. प्रत्यक्षात बाहेरचा प्रेक्षक नव्या नावामुळे आला नाही, आणि आतला प्रेक्षक मात्र दुखावला. शिवाय नाव लपून राहण्याच्या वाटा शोधतेच. ‘अपिया’ हे आद्याक्षरी नाव अर्थबोध सहज होत नसल्यामुळे निभावले. सिडनी युनायटेडने पुढे आपल्या नावास ‘५८’ हा आकडा जोडला. तो क्लबच्या स्थापनावर्षाचा, म्हणजे १९५८ चा. आकड्यास वंश नसतो. पण ज्यांस ठाऊक आहे त्यांस तो सारे सांगतो.

मैदानावरही निराशाच पदरी येत होती. विश्वचषकाचा उंबरठा संघाने १९९३ साली आर्जेन्टिनाविरुद्ध, १९९७ साली इराणविरुद्ध आणि २००१ साली उरुग्वेविरुद्ध गाठला आणि तिन्ही वेळा तो तेथूनच परतला. नॅशनल सॉकर लीग २००४ साली बंद पडली.

६

ह्यानंतरची पुनर्रचना झपाट्याची होती. शासनाने नेमलेल्या क्रॉफर्ड समितीचा अहवाल २००३ साली आला. कारभार उद्योगपती फ्रँक लोवी ह्यांच्या नेतृत्वाखालील नव्या मंडळाकडे गेला. १ जानेवारी २००५ पासून ‘ऑस्ट्रेलियन सॉकर असोसिएशन’ ही संस्था ‘फुटबॉल फेडरेशन ऑस्ट्रेलिया’ झाली. नवी ‘ए-लीग’ ऑगस्ट २००५ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. ह्या संघांची नावे नगरांवरून व प्रदेशांवरून घेतलेली होती. १६ नोव्हेंबर २००५ रोजी सिडनीत ८२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर उरुग्वेस पेनल्टींवर नमवून ऑस्ट्रेलियाने बत्तीस वर्षांच्या खंडानंतर, २००६ च्या विश्वचषकात स्थान मिळविले. आणि १ जानेवारी २००६ पासून तो आशियाई महासंघाचा सदस्य झाला.

‘सॉकर’ हा शब्द टाकून ‘फुटबॉल’ धरण्यामागील हेतू उघड होता. चिन्हित नाव सोडून अचिन्हित नावावर हक्क सांगावयाचा. जगाशी नाते जोडावयाचे. आणि घरी, वॉगबॉलच्या आठवणींपासून सुटका करून घ्यावयाची. परंतु अचिन्हित नाव फर्मानाने मिळत नाही. संस्थेची पाटी एका दिवसात बदलली. बरासी रेषा जागची हलली नाही. शाळकरी मुलास मेलबर्नमध्ये ‘फुटबॉल’ म्हटले तर त्याच्या डोळ्यांसमोर आजही लंबगोल चेंडूच येण्याचा संभव अधिक. खुद्द फेडरेशनलाही ‘सॉकरूज’ हे नाव सोडता आले नाही. ज्या शब्दाचा त्याग करावयाचा तोच शब्द राष्ट्रीय संघाच्या नावाच्या पोटात सुरक्षित राहिला.

पुसलेली नावे किती जिवंत असतात ह्याचा प्रत्यय २००६ च्या विश्वचषकातच आला. गटातील निर्णायक सामना ऑस्ट्रेलिया आणि क्रोएशिया ह्यांच्यात स्टुटगार्ट येथे झाला. तो २–२ असा बरोबरीत सुटून ऑस्ट्रेलिया पुढच्या फेरीत गेला. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क विदुका हा मेलबर्नच्या क्रोएशियन क्लबमध्ये घडलेला. आणि क्रोएशियाच्या बाजूने खेळणारा योसिप शिमुनिच हा कॅनबेरात जन्मलेला. त्यास इंग्रज पंचाने नजरचुकीने तीनदा पिवळे कार्ड दाखविले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात राहिली. अधिक स्मरणीय गोष्ट ही की, ज्या क्लबांची नावे राष्ट्रीय स्पर्धेस अडचणीची वाटली होती त्यांनीच राष्ट्रास खेळाडू पुरविले होते. कधीकधी दोन राष्ट्रांस.

७

ह्या इतिहासातील सर्वात मोठी घटना मात्र पुरुषांच्या संघाच्या वाट्यास आली नाही. स्त्रियांचा राष्ट्रीय संघ पूर्वी ‘फीमेल सॉकरूज’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे चिन्हित नावास आणखी एक विशेषण. १९९५ साली लोकांच्या मतदानातून त्यास ‘मटिल्डाज’ हे स्वतंत्र नाव मिळाले; ते देशातील सर्वपरिचित लोकगीतातून घेतलेले होते. २०२३ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांनी स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा भरविली. ब्रिस्बेन येथे फ्रान्सवर पेनल्टींवर विजय मिळवून हा संघ उपान्त्य फेरीत पोहोचला आणि १६ ऑगस्ट रोजी सिडनीत इंग्लंडकडून १–३ असा हरला. त्या रात्री दूरदर्शनवर हा सामना सरासरी एकाहत्तर लाखांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. ऑस्ट्रेलियातील प्रेक्षकमोजणीची प्रचलित पद्धत २००१ मध्ये सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक होता.

येथे नामशास्त्राच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. ज्या नावाने राष्ट्राला ह्या खेळापाशी आणले त्यात ‘सॉकर’ नाही, ‘फुटबॉल’ नाही, कोणत्याही वंशाचा उल्लेख नाही, आणि चेंडूचादेखील नाही. ‘फुटबॉल’ हे नाव कोणाचे, हा वाद त्या रात्री सुटला नाही. तो बाजूस राहिला. नाव जिंकून खेळ वाढला नाही. खेळ वाढला आणि नावाची निकड कमी झाली.

अर्थात् चित्र एकसारखे नाही. सांघिक खेळांत सर्वाधिक माणसे प्रत्यक्ष खेळतात ती सॉकरच. तथापि ऑस्ट्रेलियन रूल्सचा अंतिम सामना पाहावयास मेलबर्नमध्ये लाखभर लोक जमतात, आणि ए-लीगच्या साखळी सामन्यांस त्याचा एक लहान अंशच. खेळणे आणि आपले मानणे ह्यांतील हे अंतर आहे. ते कमी करण्याच्या खटपटीत ज्यांनी हा खेळ पोसला त्यांचीच नावे प्रथम गहाण पडली. वांशिक नावांवर २०१४ साली घातलेले राष्ट्रीय निर्बंध २०१९ मध्ये मागे घेण्यात आले, आणि २०२५ साली सुरू झालेल्या नव्या देशव्यापी दुय्यम स्पर्धेत साउथ मेलबर्न, मार्कोनी, अपिया, सिडनी युनायटेड ५८ असे जुने क्लब पुन्हा राष्ट्रीय पातळीवर उतरले, ही त्या चुकीची उशिरा दिलेली कबुली मानावी लागेल.

परक्या भूमीत रुजणाऱ्या शब्दाची आणि परक्या भूमीत रुजणाऱ्या खेळाची वाट बरीचशी एक आहे. दोन्ही प्रथम विशेषणासह येतात, टिंगल सोसतात, कोणाच्या तरी घरात जपले जातात. पुढे त्यांचे विशेषण गळते. ते कोणी गाळल्याने नव्हे, तर त्याची आठवण करून देण्याची गरज संपल्याने. ऑस्ट्रेलियात ते अद्याप गळलेले नाही. परंतु १९५६ साली मेलबर्नमध्ये ज्या खेळास स्वतःचे नाव सांगावे लागत होते, त्यास २०२३ च्या त्या ऑगस्टमध्ये ते सांगण्याची फारशी आवश्यकता पडली नाही. ‘आज सामना आहे’ एवढे म्हटले तरी सर्वांस कळत होते.